मोहरीहून लहान सांधे : पृष्ठजडित चिपांचे घरगुती डाखकाम

१९६० च्या सुमारास बनलेल्या एखाद्या रेडिओचे मागचे झाकण काढून आत डोकावले, तर त्याची रचना नुसत्या डोळ्यांनीही बरीचशी उमगते. रोधक कोणता, धारित्र कोणते, कोणती तार कोठून निघून कोठे पोहोचली, हे बोटाने दाखविता येते. एखादा सांधा सुटला असेल तर तो दिसतो. आणि जो दिसतो तो बहुधा दुरुस्तही करता येतो. आजच्या मोबाइल फोनचे झाकण काढले असता मात्र निराळेच दृश्य नजरेस पडते. तळहातावर मावणाऱ्या फलकावर शेकडो ठिपके दाटीवाटीने बसलेले असतात. त्यांतील कित्येक मोहरीच्या दाण्याहूनही लहान. त्यांच्यावर अक्षरे असलीच तर ती भिंगावाचून वाचता येत नाहीत आणि त्यांना फलकाशी जोडणारे सांधे तर पुष्कळदा दृष्टीसच पडत नाहीत.

हे दृश्य पाहून अनेकांनी असा निष्कर्ष काढला की, इलेक्ट्रॉनिकीतील हौशी कारागिराचे दिवस आता भरले. ज्या विद्येने एके काळी शाळकरी मुलांना स्वतःचा रेडिओ स्वतः बांधावयास शिकविले, ती विद्या कारखान्यातील यंत्रांच्या स्वाधीन झाली, असे त्यांस वाटले. हा निष्कर्ष खरा असता तर हानी मोठी झाली असती. कारण वस्तू उघडून पाहण्याची व पुन्हा जोडून चालविण्याची ज्याला सवय नाही, त्याला ती वस्तू कितीही वापरली तरी परकीच राहते. परंतु वस्तुस्थिती तशी नाही. अत्यंत सूक्ष्म चिपाही घरातील मेजावर, बेताच्या खर्चाच्या साधनांनी, विश्वासार्ह रीतीने बसविता येतात आणि हजारो हौशी कारागीर त्या बसवीत आहेत. मात्र त्यासाठी हाताच्या कौशल्याइतकीच एका जुन्या विद्येमागील विज्ञानाची ओळख असावी लागते.

छिद्रातून पृष्ठभागावर

ट्रान्झिस्टरचा जन्म डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. त्यानंतर १९५८ मध्ये जॅक किल्बी यांनी आणि १९५९ मध्ये रॉबर्ट नॉइस यांनी, स्वतंत्रपणे, अर्धसंवाहकाच्या एकाच तुकड्यावर संपूर्ण विद्युत् मंडल रचण्याचा मार्ग दाखविला. या तुकड्यालाच आज आपण चिप म्हणतो. चिप नाजूक असते. म्हणून तिला प्लॅस्टिकच्या किंवा चिनी मातीच्या कवचात बसवून, त्या कवचातून धातूचे पाय बाहेर काढण्याची पद्धत पडली. दोन्ही बाजूंना पायांची एकेक रांग असलेली, गोमेसारखी दिसणारी काळी चिप अनेकांनी पाहिलेली असते. तिच्या लगतच्या दोन पायांत २.५४ मिलिमीटर, म्हणजे बरोबर एक दशांश इंच अंतर असते. मुद्रित फलकाला छिद्रे पाडावयाची, त्यांत हे पाय ओवावयाचे आणि खालच्या बाजूने डाख द्यावयाचा, अशी ही रीत.

या रीतीत सोय होती, तशी अडचणही होती. प्रत्येक पायासाठी एक छिद्र पाडावे लागे. छिद्र फलकाच्या आरपार जात असल्यामुळे मागची बाजूही त्या पायासाठी अडून राही. शिवाय लांब पाय हा विद्युत्प्रवाहाच्या दृष्टीने तारेचा एक तुकडाच असतो. प्रवाह अतिशय वेगाने बदलू लागला म्हणजे तेवढ्या तुकड्याचाही अडथळा जाणवू लागतो. यावर उपाय म्हणून छिद्रे गाळून घटक थेट फलकाच्या पृष्ठभागावरच जडविण्याची कल्पना पुढे आली. १९६० च्या दशकात आय.बी.एम. कंपनीने ती प्रत्यक्षात आणली आणि सॅटर्न अग्निबाणांना मार्ग दाखविणाऱ्या संगणकात तिचा उपयोग केला. १९८० नंतर ती कारखान्यांतून झपाट्याने पसरली. इंग्रजीत तिला ‘सरफेस माउंट’ म्हणतात. आपण अशा घटकांना पृष्ठजडित घटक म्हणू.

छिद्रांचे बंधन सुटताच आकार घटू लागले. पृष्ठजडित रोधकांच्या आकारांना चार अंकी नावे आहेत. ‘१२०६’ नावाचा रोधक ३.२ मिलिमीटर लांब व १.६ मिलिमीटर रुंद असतो. ‘०६०३’ याच्या निम्मा, म्हणजे १.६ गुणिले ०.८ मिलिमीटर. ‘०४०२’ केवळ एक मिलिमीटर लांब व अर्धा मिलिमीटर रुंद. त्याहूनही लहान आकार प्रचारात आहेत. परंतु ते एका श्वासासरशी मेजावरून नाहीसे होतात. चिपांच्या पायांतील अंतरही असेच घटत २.५४ वरून १.२७, ०.८, ०.५ आणि ०.४ मिलिमीटरपर्यंत आले. पुढे तर पायच गेले. कवचाच्या तळाशी कडेने धातूचे चपटे ठसे ठेवलेल्या चिपेला क्यू.एफ.एन. म्हणतात, आणि तळभर डाखाच्या बारीक गोळ्या मांडलेल्या चिपेला बी.जी.ए. असे नाव आहे.

हौशी कारागिरापुढील प्रश्न येथेच उभा राहतो. १९७२ मध्ये बाजारात आलेली ‘५५५’ ही कालमापक चिप आजही जुन्या, ओवण्याजोग्या पायांच्या रूपात मिळते. परंतु नव्या चिपा पुष्कळदा त्या रूपात निघतच नाहीत. २०२१ च्या जानेवारीत इंग्लंडमधील रास्पबेरी पाय संस्थेने बाजारात आणलेली ‘आर.पी. २०४०’ ही चिप पाहा. सात मिलिमीटर लांब व तितक्याच रुंद चौकोनात दोन प्रक्रियक सामावलेले. कडेने ५६ ठसे, एकमेकांपासून ०.४ मिलिमीटरवर, पाय एकही नाही. हिचा उपयोग आपल्या स्वतःच्या फलकावर ज्याला करावयाचा आहे, त्याला पृष्ठजडित डाखकाम शिकल्यावाचून गत्यंतर नाही.

कल्हईवाल्याची विद्या

हे काम नवे वाटले तरी त्याचे मूळ फार जुने आहे. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावणारा कारागीर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याचे मर्म सहज कळेल. तो भांडे भट्टीवर तापवितो, त्यात नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उठतो आणि मग कथलाची कांडी टेकविताच कथील वितळून, फडक्याच्या एका फिरकीसरशी भांडेभर चकाकत पसरते. नवसागर टाकला नाही तर तेच कथील अळवावरच्या पाण्यासारखे थेंब थेंब होऊन इकडे तिकडे पळते.

असे का व्हावे? तापलेल्या तांब्यावर हवेतील ऑक्सिजनच्या संयोगाने ऑक्साइडचा पातळ थर धरतो. वितळलेले कथील शुद्ध धातूला चिकटते, ऑक्साइडला चिकटत नाही. नवसागर तापला म्हणजे त्यातून हायड्रोक्लोरिक आम्ल मोकळे होते व ते हा थर खाऊन टाकते. अशा साफ करणाऱ्या द्रव्याला डाखकामात अभिवाह किंवा फ्लक्स म्हणतात. इलेक्ट्रॉनिकीत मात्र नवसागर किंवा आम्ल चालत नाही. कारण मागे उरलेला अंश पुढे महिनोन्‌महिने बारीक तांबे कुरतडीत राहतो. तेथे राळ वापरतात. पाइन वृक्षाच्या चिकातून टर्पेंटाइन काढून घेतल्यावर जो घन पदार्थ उरतो, तीच ही राळ. हिमालयाच्या उतारावरील चीड वृक्षांपासून ती आपल्या देशातही मिळते. थंड असता ती निरुपद्रवी असते आणि तापली म्हणजे तिच्यातील सौम्य आम्ले जागी होतात. या कामाला याहून सोयीचा स्वभाव क्वचितच सापडेल.

डाख म्हणजे, बाजारातील भाषेत, सोल्डर. कथील सुमारे २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि शिसे ३२७ अंशांना. पण शेकडा ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे एकत्र केले, तर ते मिश्रण दोहोंहूनही कमी, म्हणजे १८३ अंशांनाच वितळते. आणि विशेष हे की मधल्या लापशीसारख्या अवस्थेत न रेंगाळता एकदम वितळते व एकदम गोठते. शिसे नसलेल्या डाखांत शेकडा ९६.५ भाग कथील, ३ भाग चांदी व अर्धा भाग तांबे असलेला डाख विशेष प्रचारात आहे. तो २१७ ते २२० अंशांच्या दरम्यान वितळतो. कथील व बिस्मथ यांचा डाख तर १३८ अंशांनाच पातळ होतो; मात्र त्याचा सांधा काहीसा ठिसूळ असतो.

डाख हा डिंकाप्रमाणे नुसता वरवर चिकटतो, अशी समजूत आढळते. ती बरोबर नाही. वितळलेले कथील तांब्याशी संयोग पावते आणि दोहोंच्या सीमेवर तांबे-कथलाच्या संयुगांचा थर तयार होतो. मिलिमीटरच्या काही सहस्रांश भागाइतका हा थर हीच सांध्याची खरी गाठ होय. तो मुळीच झाला नाही तर सांधा कच्चा राहतो. फार वेळ तापवून जाड होऊ दिला तर सांधा ठिसूळ होतो. चांगल्या डाखकामात उष्णता पुरेशी पण थोडाच वेळ द्यावयाची असते, त्याचे कारण हेच आहे.

लहान वस्तूंचा कैवारी

‘आर.पी. २०४०’ चिपेच्या लगतच्या दोन ठशांमधील मोकळी जागा सुमारे ०.२ मिलिमीटर, म्हणजे दोन-तीन केसांच्या जाडीएवढी असते. माणसाचा हात इतक्या बारकाईने डाखाचे ५६ थेंब वेगवेगळे ठेवू शकेल काय? बहुधा नाही. पण तसे करावेच लागत नाही. हे काम हात करीत नसून पृष्ठताण करतो.

द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो व शक्य तितका आक्रसू पाहतो. पाण्याचा थेंब गोल होतो तो यामुळेच. वितळलेल्या डाखाचा पृष्ठताण पाण्याच्या कित्येक पट अधिक असतो. आता एक साधा हिशेब करू. एखादी वस्तू लांबी, रुंदी व उंची या तिन्ही बाबतींत दहापट लहान केली, तर तिचे वजन हजारपट कमी होते. परंतु पृष्ठताणाचे बल कडेच्या लांबीवर अवलंबून असल्यामुळे ते केवळ दहापटच घटते. म्हणजे वजनाच्या मानाने पृष्ठताण शंभरपट बलवान झाला. मोठ्या वस्तूंच्या जगात गुरुत्वाकर्षणाचे राज्य असते; दोन मिलिमीटरहून लहान जगात ते पृष्ठताणाकडे जाते.

याचे परिणाम विलक्षण आहेत. मुद्रित फलकावर ठसे सोडून बाकी सर्व जागी एक लेप दिलेला असतो. हिरव्या फलकाला हिरवा रंग येतो तो या लेपामुळेच. डाख त्या लेपाला धरीत नाही, धातूला धरतो. दोन ठशांच्या मध्ये सांडलेला डाख, अभिवाह पुरेसा असला तर, आपण होऊन दोन्हीकडे ओढला जातो आणि मधली जागा मोकळी होते. चिप थोडी वाकडी ठेवली गेली असेल, तर डाख वितळताच ती किंचित तरंगते आणि सर्व ठशांची ओढ समतोल होईल अशा जागी सरकून सरळ बसते. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला ते जादूसारखे भासते. जी सूक्ष्मता हौशी कारागिराची वैरीण वाटत होती, तीच अशा रीतीने त्याच्या मदतीला येते.

तीन रीती

पहिली रीत ओळखीच्या सोल्डरिंग आयर्नची. पाय बाहेर आलेल्या चिपांना ती उत्तम. चिपेचे पाय ठशांवर नेमके जुळवून समोरासमोरचे दोन कोपरे प्रथम टाचून घेतात. मग पायांच्या संपूर्ण रांगेवर पातळ अभिवाह सढळ हाताने लावतात, आयर्नच्या टोकावर डाखाचा लहानसा थेंब घेतात आणि तो रांगेवरून एका संथ गतीने ओढीत नेतात. प्रत्येक पाय आपल्या वाट्याचा डाख उचलतो व उरलेला पुढे सरकतो. अखेरच्या दोन पायांत डाख जास्त झाला, तर तांब्याच्या विणलेल्या फितीने तो टिपून घेतात. येथे नवशिक्यांची एक चूक हमखास होते. पाय बारीक म्हणून ते सुईसारखे टोक निवडतात. परंतु बारीक टोकातून उष्णता वाहत नाही. दीड-दोन मिलिमीटर रुंदीचे छिन्नीसारखे टोक अधिक चांगले काम देते. शिसेयुक्त डाखासाठी ३३० ते ३५० अंशांचे टोक पुरते आणि एका पायापाशी ते दोन-तीन सेकंदांहून अधिक थांबू नये.

दुसरी रीत उष्ण हवेची. एका नळीतून तापलेल्या हवेचा झोत सोडणारे यंत्र असते. त्याने चिप व फलक एकत्र तापवून डाख वितळवितात. चिप काढून घेण्यासाठी, म्हणजेच दुरुस्तीसाठी, ही रीत फार उपयोगी आहे. झोत जोराचा असला तर शेजारचे बारीक घटक उडून जातात, म्हणून हवा मंद ठेवून नळी सारखी गोल फिरवीत राहावी लागते.

तिसरी रीत तप्त पट्टाची किंवा लहान भट्टीची. हिच्यात तारेऐवजी डाखाचा लेप वापरतात. डाखाची अत्यंत बारीक पूड अभिवाहात कालवून हा लेप बनतो. वजनाने पाहिले तर त्यात शेकडा सुमारे ९० भाग धातू असतो, आकारमानाने मात्र जेमतेम निम्मा. पुडीचा कण मिलिमीटरच्या २० ते ४५ सहस्रांश भागाइतका असतो. लेप थंड जागी, बहुधा शीतकपाटात ठेवावा लागतो आणि वापरण्यापूर्वी झाकण न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा लागतो. नाही तर त्यावर दव धरते.

एका चिपेचा प्रवास

‘आर.पी. २०४०’ सारखी पायरहित चिप तिसऱ्या रीतीने कशी बसते, ते क्रमाने पाहू. फलकासोबत ठशांच्या जागी खिडक्या कापलेला, एक दशांश मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा मागविता येतो. रांगोळीच्या छाप्यासारखाच हा छापा. तो फलकावर नेमका जुळवून, लेप एका कडेला ठेवून, जुन्या प्लॅस्टिकच्या पत्त्याने एकदाच दाबून ओढतात. छापा उचलला की प्रत्येक ठशावर लेपाची चौकोनी वडी उरते. चिपेच्या कोपऱ्यावरचा ठिपका फलकावरील खुणेशी जुळवून ती चिमट्याने अलगद ठेवतात. चिप एक चतुर्थांश वळून उलटसुलट बसणे ही चूक येथे फार महाग पडते; तेव्हा ठेवल्यावर पुन्हा एकदा भिंगातून पाहावे.

मग उष्णता. ती एकदम देत नाहीत. प्रथम फलक सावकाश १५० अंशांपर्यंत नेतात. तापमान सेकंदाला तीन अंशांहून अधिक वाढू देत नाहीत. पुढे सुमारे दीड मिनिट त्याला १५० ते १८० अंशांच्या दरम्यान मुरू देतात. या काळात अभिवाह आपले साफसफाईचे काम करतो व सर्व भाग समान तापतात. त्यानंतर शिसेयुक्त लेप असेल तर २१० ते २२५ अंशांपर्यंत, शिसेविरहित असेल तर २४० ते २५० अंशांपर्यंत चढवितात. राखाडी लेप अकस्मात चांदीसारखा चकाकतो आणि चिप किंचित खाली बसते. या क्षणी चिमट्याने चिपेच्या कडेला अगदी हलका धक्का दिला आणि ती सरकून पुन्हा आपल्या जागी परतली, तर सर्व ठसे नीट धरले गेल्याची ती खूण समजावी. डाख एक मिनिटाच्या आसपास द्रवरूप राहिला की पुरे. मग फलक न हलविता थंड होऊ द्यावा.

या चिपेच्या तळाच्या मध्यभागी एक मोठा ठसा असतो. त्यातून उष्णता बाहेर पडते व भूमीची जोडणीही होते. तेथे लेप फार झाला तर चिप त्यावर होडीसारखी तरंगते आणि कडेचे सांधे अधांतरी राहतात. म्हणून छाप्यात त्या जागी एक मोठी खिडकी न ठेवता लहान लहान खिडक्या ठेवतात.

काम झाल्यावर वीज देण्याची घाई करू नये. प्रथम दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाने चारही कडा तपासाव्यात. मग मल्टिमीटरने वीज व भूमी या दोन टोकांत जोड तर झाला नाही ना, हे पाहावे. त्यानंतरच, प्रवाहाला मर्यादा घालता येईल अशा साधनातून वीज द्यावी.

बी.जी.ए. जातीच्या चिपांत सर्वच सांधे पोटाखाली असल्यामुळे भिंगाचा उपयोग नसतो. कारखान्यांत ते क्ष-किरणांनी पाहतात. तरीही ०.८ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक अंतराच्या अशा चिपा हौशी लोक बसवितात, कारण गोल गोळ्यांचा पृष्ठताण चिपेला फार चांगले सावरून धरतो. खरी अडचण डाखकामाची नसून आतल्या रांगांमधील गोळ्यांपासून तांब्याच्या रेषा बाहेर काढण्याची असते. त्यासाठी अनेक थरांचा व बारीक रेषांचा फलक लागतो आणि तो महाग पडतो.

दोष आणि त्यांची कारणे

या कामातील बहुतेक दोष वर सांगितलेल्या तत्त्वांतूनच उद्भवतात. एखाद्या बारीक रोधकाच्या एका टोकाचा डाख दुसऱ्याच्या आधी वितळला, तर त्याची ओढ एकतर्फी होऊन रोधक वीरगळासारखा उभा राहतो. घटक जितका लहान तितका हा धोका अधिक, कारण पृष्ठताणापुढे त्याचे वजन नगण्य असते. लगतच्या दोन पायांत डाखाचा पूल झाला, तर अधिक डाख काढण्यापूर्वी अधिक अभिवाह घालून पाहावे. ऑक्साइड नाहीसे होताच पूल पुष्कळदा आपोआप तुटतो. सांधा फुगीर गोळीसारखा दिसत असेल, तर डाखाने धातूला धरलेलेच नाही असे समजावे. चांगला सांधा धातूवर चढत गेलेल्या अंतर्वक्र उतारासारखा दिसतो.

काही दोष हवेतून येतात. चिपेचे प्लॅस्टिक कवच दमट हवेतील बाष्प शोषून घेते. अशी चिप एकाएकी तापविली तर आतले पाणी वाफ होऊन कवच लाहीसारखे तडकते. कोकणासारख्या प्रदेशात, आणि पावसाळ्यात तर विशेषच, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. चिपा आर्द्रताशोषक पुडीसह बंद पिशवीत ठेवाव्यात. पिशवी बराच काळ उघडी राहिली असेल, तर त्या आधी मंद आचेवर बराच वेळ सुकवून घ्याव्यात. उलट विदर्भातील किंवा राजस्थानातील कोरड्या हवेत स्थिर विजेचे भय असते. अंगावर साठलेला सुमारे तीन हजार व्होल्टपर्यंतचा विद्युत्‌भार माणसाला जाणवतही नाही. काही चिपा मात्र शंभर व्होल्टांनीही निकामी होतात. यासाठी मनगटावर पट्टा बांधून तो दहा लाख ओहमच्या रोधकातून भूमीशी जोडतात. रोधक मध्ये असल्यामुळे चुकून विजेचा स्पर्श झाला तरी अंगातून मोठा प्रवाह वाहत नाही.

शिसे, धूर आणि हात

शिसे विषारी आहे आणि वाढत्या वयाच्या मुलांच्या मेंदूला ते विशेष घातक असते. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक इलेक्ट्रॉनिक उपकरणांतील शिशावर निर्बंध घातले. भारतातही २०११ मध्ये केलेल्या व १ मे २०१२ पासून अमलात आलेल्या ई-कचराविषयक नियमांनी अशीच मर्यादा घालून दिली. हौशी कामासाठी शिसेयुक्त डाख मिळतो आणि तो वापरण्यास सोपाही असतो. परंतु शाळेच्या कार्यशाळेत शिसेविरहित डाखच वापरणे श्रेयस्कर. डाखकामाच्या तापमानाला शिशाची वाफ नाममात्रच होते. धोका असतो तो बोटांवाटे तोंडात जाणाऱ्या अंशाचा. म्हणून कामाच्या मेजावर खाणेपिणे वर्ज्य करावे आणि उठताच हात साबणाने धुवावेत. जी भट्टी एकदा डाखकामाला घेतली ती पुन्हा कधीही अन्नासाठी वापरू नये.

दिसतो तो धूर मुख्यतः राळेचा असतो. तोही निर्दोष नाही. दीर्घकाळ तो श्वासात गेल्याने दमा जडलेल्या कामगारांची उदाहरणे आहेत. लहानसा पंखा धूर बाहेर ओढून नेईल असा ठेवावा. फलक पुसण्यास वापरण्यात येणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल ज्वालाग्राही असते. ते तापलेल्या आयर्नपासून दूर ठेवावे.

हौसेचे मोल

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीतील लजपतराय मार्केट, बंगळूरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट या बाजारपेठांतून हिंडणाऱ्याला दोन प्रकारचे लोक भेटतात. एक, सुटे भाग शोधणारे विद्यार्थी व हौशी कारागीर. दुसरे, लहानशा टपरीत भिंग लावून फोनच्या फलकावरील चिपा उष्ण हवेने काढणारे व बसविणारे दुरुस्तीकार. या दुसऱ्या वर्गातील अनेकांनी कोणत्याही विद्यापीठाची पायरी चढलेली नसते. तरीही आयुष्य संपले असे समजून टाकून दिला गेला असता असा फोन त्यांच्या हातून पुन्हा बोलू लागतो आणि तेवढा कचरा कमी होतो. डोळ्यांना जे जेमतेम दिसते ते हातांना साधू शकते, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

ज्याला प्रारंभ करावयाचा आहे त्याने पायऱ्या चुकवू नयेत. प्रथम एखादा निकामी फलक घेऊन त्यावरील घटक काढावेत व पुन्हा बसवावेत. येथे बिघडण्यासारखे काही नसल्यामुळे हात निर्भय होतो. मग ‘१२०६’ आकाराचे रोधक, नंतर १.२७ मिलिमीटर अंतराच्या पायांची चिप, त्यानंतर अर्ध्या मिलिमीटरची आणि सरतेशेवटी पाय नसलेली, असा क्रम ठेवावा. मनगट मेजाला टेकलेले असावे आणि प्रकाश भरपूर असावा. हात कापतो म्हणून हे काम आपल्याला जमणार नाही, असे पुष्कळांस वाटते. परंतु भिंगाखाली नजर आपली चूक वेळीच पाहू लागली म्हणजे हातही अधिक स्थिर होतो, असा या क्षेत्रातील सर्वांचा अनुभव आहे.

शाळांना या विद्येचा लाभ आणखी एका दृष्टीने आहे. पृष्ठताण, ऑक्सिडीकरण, मिश्रधातूंचा वितळबिंदू आणि स्थिर विद्युत् हे धडे पाठ्यपुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत विखुरलेले असतात. सात मिलिमीटरच्या एका चिपेखाली ते सारे एकत्र येतात आणि त्यांतील एकाकडे जरी दुर्लक्ष झाले, तरी दिवा लागत नाही. ज्या विद्यार्थ्याने असा एक सांधा स्वतः जोडला, त्याने उत्तर बरोबर की चूक हे गुरुजींना विचारण्याची गरज उरत नाही. फलकच त्याला ते सांगतो.